कॉइल गेलीय, असं म्हणण्याआधी

गाडी सुरू होत नाही आणि प्लगला करंट येत नाही, एवढं कळलं की पुढचं वाक्य बहुतेक गॅरेजांत ठरलेलं असतं: "कॉइल गेलीय, बदलून बघू." या 'बदलून बघू'चा मला मनापासून राग येतो. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना मी आयुष्यभर इलेक्ट्रिकल शिकवलं. निवृत्तीनंतर कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या पुतण्याच्या गॅरेजवर दुपारचा जाऊन बसतो. तिथं येणाऱ्या जुन्या गाड्यांच्या डिकीत, कधी सीटखाली, काढून टाकलेल्या कॉइली पडलेल्या असतात. मीटर लावून बघावं तर त्यातल्या बऱ्याच धडधाकट निघतात. चांगली वस्तू काढून तिथं दुसरी चांगली वस्तू बसवलेली असते, मालकाचे पैसे गेलेले असतात आणि गाडी जिथल्या तिथं उभी असते.

यात लबाडी असतेच असं नाही. कॉइल म्हणजे बंद डबा. पॉइंट उघडून बघता येतो, प्लग काढला की तो काळा पडलाय की ओला आहे ते दिसतं. कॉइल मात्र मेली तरी बाहेरून तशीच दिसते, म्हणून संशय तिच्यावर जातो. शिवाय इंजिन फिरल्याशिवाय कॉइल तपासता येत नाही, असा एक समज पक्का बसला आहे. सेल्फ मारायचा, एचटी (हाय टेन्शन) वायर बॉडीजवळ धरायची आणि ठिणगी दिसते का बघायचं, एवढी एकच परीक्षा बहुतेकांना ठाऊक असते. सेल्फच बंद असेल, बॅटरी इंजिन फिरवण्याइतकी भरलेली नसेल, इंजिन अर्धं उघडून ठेवलेलं असेल, की हात टेकले. खरं म्हणजे पाच वॅटचा पार्किंगचा बल्ब, साधा मल्टिमीटर, एक जुना प्लग आणि हातभर वायर असली की उभ्या गाडीवर, इंजिन न फिरवता, कॉइलचा निकाल लावता येतो.

त्यासाठी तिच्या पोटात काय चालतं ते आधी समजलं पाहिजे. लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या साधारण २०० ते ३०० फेऱ्या, ती प्रायमरी. अगदी बारीक तारेच्या २०,००० च्या आसपास फेऱ्या, ती सेकंडरी. किल्ली फिरवली आणि पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला इंजिनबरोबर उघडमीट करणारा स्विच, मिटलेला असला की बॅटरीचा करंट प्रायमरीतून वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडतो, करंट तुटतो, क्षेत्र क्षणात कोसळतं आणि त्या कोसळण्यामुळं सेकंडरीत वीसेक हजार व्होल्ट उभे राहतात. म्हणजे ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. वर्गात मी हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचो आणि पुसू द्यायचो नाही, कारण इग्निशनची निम्मी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे. करंट जितका झटकन तुटेल तितके व्होल्ट जास्त. पॉइंटच्या शेजारी बसवलेला छोटा कंडेन्सर हेच काम करतो: उघडणाऱ्या पॉइंटमध्ये जाळ होऊ देत नाही, म्हणून तोडणं स्वच्छ होतं. कंडेन्सर गेला तर ठिणगी मलूल पडते, पॉइंट जळतात आणि तिथंही बदलली जाते ती कॉइलच.

ही युक्ती जुनी आहे. फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युत प्रवर्तन दाखवलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८३६ मध्ये, आयर्लंडमधल्या मेनूथच्या कॉलेजात शिकवणारे धर्मगुरू निकोलस कॅलन यांनी दोन वेटोळ्यांची कॉइल बनवली. मोटारीत बॅटरी, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल अशी मांडणी बसवली ती अमेरिकेत डेटन इथल्या चार्ल्स केटरिंग यांनी, कॅडिलॅक गाड्यांसाठी, १९१० च्या सुमारास. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समधून निघालेल्या पद्मिनीच्या बॉनेटखाली हीच मांडणी होती आणि पॉइंटवाली अँबॅसेडरही त्याच मांडणीवर चालायची. एका गाडीवर ती नीट समजली की पॉइंटवाल्या सगळ्या गाड्यांवर हात चालतो.

गेल्या पावसाळ्यात एक पद्मिनी टो करून आली. गाडी वडिलांची, आता चालवतात मुलगी, शाळेत शिक्षिका आहेत. सेल्फचे ब्रश झिजलेले, म्हणून सेल्फ आधीच्या गॅरेजवाल्यानं काढून पिशवीत घालून दिलेला. त्याआधी दोन कॉइली बदलून झाल्या होत्या. मूळची आणि नंतरची एक डिकीत होत्या, तिसरी गाडीवर.

"सर, एवढं एक बघा," बाई म्हणाल्या, "चौथी कॉइल आणायला लावू नका."

"आणायची का नाही ते गाडी सांगेल. तुम्ही फक्त मी म्हणेन तेव्हा किल्ली फिरवा."

आधी बॅटरी: १२.४ व्होल्ट. मग बल्ब. बल्बची एक वायर बॉडीला पकडली, दुसरी कॉइलच्या प्लसच्या टोकाला लावली. काही जुन्या कॉइलींवर प्लस-मायनसऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी असं कोरलेलं असतं. एसडब्ल्यू किल्लीकडून येणारं, सीबी पॉइंटकडं जाणारं. किल्ली लावली, बल्ब लख्ख पेटला. इथं मी मीटरआधी बल्ब लावतो, त्याला कारण आहे. किल्लीच्या स्विचचा कॉन्टॅक्ट गंजला असेल तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. नळाची तोटी बंद असताना अर्धवट तुंबलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो, तोटी उघडल्यावरच पाणी किती येतं ते कळतं. बल्ब ही तोटी उघडतो. मीटरच वापरायचा असेल तर पॉइंट मिटलेला असताना, म्हणजे कॉइलमधून करंट वाहत असताना, प्लसच्या टोकाला मोजावं. बॅटरीपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट कमी चालेल. गाडीत कॉइलच्या आधी वेगळा बॅलास्ट रेझिस्टर नसताना आठ-नऊच व्होल्ट मिळाले तर दोष कॉइलच्या आधी आहे, कॉइलला हात लावायचं कारण नाही.

पुढची परीक्षा मायनसच्या टोकाची. ही सगळ्यात बोलकी, आणि तीच कुणी करत नाही. पॉइंट उघडा असताना मायनसला लावलेला बल्ब पेटला पाहिजे, कारण करंटला बॉडीकडं जायची वाट बंद असते आणि प्रायमरीतून आलेले व्होल्ट त्या टोकावर उभे असतात. पॉइंट मिटला की बल्ब विझला पाहिजे. सेल्फ नव्हता, म्हणून डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, रोटर काढला, गाडी टॉप गिअरला टाकली, हँडब्रेक सोडला आणि पुतण्यानं मागून गाडी वीतभर ढकलली. चाकांबरोबर इंजिन थोडं फिरतं, तेवढ्यात पॉइंट एकदा उघडतो आणि मिटतो. पॉइंट स्वच्छ उघडलेला डोळ्यांना दिसत होता. बल्ब मात्र विझलेलाच.

याचे दोनच अर्थ होतात. एक तर प्रायमरी आतून तुटलीय, म्हणून व्होल्ट मायनसपर्यंत पोहोचतच नाहीत. नाहीतर पोहोचताहेत, पण पुढं कुठंतरी बॉडीला टेकून वाहून जाताहेत. या फाट्यावर घाई करणारा माणूस कॉइल बदलतो. खरं तर एक नट सैल करायचा असतो. मायनसवरून डिस्ट्रिब्युटरकडं जाणारी वायर मी काढून बाजूला धरली आणि बल्ब पुन्हा त्याच टोकाला लावला. पेटला.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे कॉइल सुटली. दोष त्या वायरीच्या पलीकडं आहे."

पलीकडं म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये. पॉइंटची स्प्रिंग जिथं बोल्टवर बसते तिथं कॉइलकडून आलेली वायर आणि कंडेन्सरची वायर अशा दोन चकत्या स्प्रिंगला टेकवायच्या असतात आणि हे तिन्ही मिळून खालच्या पत्र्यापासून फायबरच्या वॉशरनं अलग ठेवायचे असतात. नवा पॉइंट बसवताना तो वॉशर चकत्यांच्या वर गेला होता. मध्ये काहीच नाही, एका चकतीची कड पत्र्याला टेकलेली, सगळं बॉडीला जोडलेलं. पॉइंट उघडो की मिटो, करंट वाहतोच. वाहणारा करंट तुटत नाही म्हणजे ठिणगी नाही, कितीही कॉइली बदला. पहिली कॉइल काढली तेव्हा ती चटका बसेल इतकी तापली होती, असं बाईंना सांगण्यात आलं होतं. तापणारच. प्रायमरीचा रेझिस्टन्स तीन ओम धरला तर १२ व्होल्टला चार अँपिअर, जवळपास पन्नास वॅट, किल्ली चालू असेपर्यंत अखंड. चालू इंजिनात पॉइंट दर वेळी उघडतो, म्हणून तेवढी उष्णता साठत नाही. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू ठेवू नये, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठीच: पॉइंट मिटलेल्या जागी थांबला असेल तर कॉइल भाजत राहते.

वॉशर जागेवर घातला, पुन्हा गाडी ढकलली, आणि बल्ब पॉइंटबरोबर पेटू-विझू लागला.

आता ठिणगी. त्यासाठीही सेल्फ लागला नाही. पॉइंटच्या फटीत पोस्टकार्डाचा तुकडा घातला, म्हणजे पॉइंट उघडाच राहतो आणि कंडेन्सर मात्र जोडलेला असतो. कॉइलच्या मधल्या टॉवरमधून निघणारी एचटी वायर एका जुन्या प्लगला लावली. या प्लगचा बाजूचा इलेक्ट्रोड मी करवतीनं कापून टाकला आहे, त्यामुळं ठिणगीला पाच-सहा मिलिमीटर उडी मारावी लागते. प्लगचं लोखंडी अंग जंप-लीडच्या चिमट्यानं इंजिनला घट्ट पकडलं. मग मायनसच्या टोकाला एक हातभर वायर जोडली, किल्ली लावली, वायरीचं दुसरं टोक इंजिनला टेकवलं आणि झटकन उचललं. टेकवताना काही नाही. उचलताना कडाक्यानं निळी ठिणगी. चार-पाच वेळा केलं, प्रत्येक वेळी तशीच. कापलेला प्लग अशासाठी, की सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत ठिणगीला लागणारे व्होल्ट मोकळ्या हवेपेक्षा बरेच जास्त असतात. साध्या प्लगची फट अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. ती मोकळ्या हवेत दुबळी कॉइलही ओलांडते आणि मग बघणाऱ्याची फसगत होते. ठिणगी बारीक आणि पिवळसर आली तर आधी दुसरा कंडेन्सर लावून बघायचा, मग कॉइलबद्दल बोलायचं.

हे करताना चार गोष्टी मी कधीच सोडत नाही आणि वाचणाऱ्यानंही सोडू नयेत. आसपास पेट्रोलचा वास येत असेल, कार्बोरेटर गळत असेल तर ठिणगी काढायची नाही. आधी गळती थांबवायची, बॉनेट उघडं ठेवून वारं खेळू द्यायचं. टेकवायची वायर रबरावरच धरायची, कारण उचलताना मायनसच्या टोकावरही दोन-तीनशे व्होल्टचा झटका असतो, आणि एचटीचा तर विचारूच नका. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसानं हे काम हातात घेऊ नये, जवळही उभं राहू नये. आणि एचटी वायर कधीही अधांतरी ठेवून ठिणगी पाडायची नाही. बाहेर वाट मिळाली नाही की तेवढे व्होल्ट कॉइलच्या आतच वाट फोडतात. तपासता तपासता चांगली कॉइल मारल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

मीटरनं कॉइलचा रेझिस्टन्स अनेकजण पहिल्यांदा मोजतात, मी शेवटी मोजतो. किल्ली बंद, कॉइलच्या सगळ्या वायरी सुट्या. मीटर २०० ओमवर ठेवून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवायची; त्या वायरींचाच रेझिस्टन्स दोन-तीन दशांश ओम निघतो, तो पुढच्या आकड्यातून वजा करायचा. तीन ओमच्या हिशेबात तेवढंही महत्त्वाचं असतं. मग प्लस ते मायनस: पॉइंटवाल्या साध्या कॉइलला तीन ते चार ओम, वेगळा बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या कॉइलला दीड ओमच्या आसपास. मग मीटर २० किलोओमवर ठेवून प्लस ते मधला टॉवर: बहुतेक कॉइलींना सहा ते पंधरा हजार ओम. शेवटी कोणतंही टोक ते बाहेरचा डबा: काहीही दाखवता कामा नये. बाईंच्या डिकीतल्या दोन्ही कॉइली या सगळ्यात बसल्या, आणि ठिणगीच्या परीक्षेतही. दोन्ही पुसून त्यांच्या हातात दिल्या.

मीटरनं काही दाखवलंच नाही, म्हणजे वायर तुटलेली आहे, तर कॉइल खराब हे नक्की. पण आकडे बरोबर आले म्हणून कॉइल चांगली असं म्हणता येत नाही. मीटरच्या आत नऊ व्होल्टची बॅटरी असते. आतलं इन्सुलेशन फाटतं ते पंधरा-वीस हजार व्होल्टला. नऊ व्होल्टला ती फट दिसणारच नाही. २०,००० फेऱ्यांतल्या शे-दोनशे आपसांत चिकटल्या तर रेझिस्टन्समध्ये जेमतेम एक टक्का फरक पडेल, ठिणगी मात्र मरेल.

थंडीत चालणारी आणि तापल्यावर दगा देणारी कॉइल हा सगळ्यात त्रासदायक प्रकार. गाडी पंचवीस-तीस किलोमीटर छान जाते, घाटात बंद पडते, अर्ध्या तासानं जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. अशा कॉइलला गार असताना मोजून उपयोग नाही. घरातला हेअर ड्रायर घ्यावा, हाताला धरवणार नाही इतकी कॉइल गरम करावी आणि दोन्ही परीक्षा पुन्हा कराव्यात. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणून पन्नास अंश तापल्यावर ३.२ चा ३.८ ओम झाला तर ते योग्यच आहे. आकडा एकदम उडाला, नाचू लागला किंवा ठिणगी मलूल झाली, तर कॉइल आतून तुटतेय.

आमच्याकडच्या पावसाचंही एक सांगायला हवं. गगनबावडा, आंबोली या बाजूच्या गाड्यांमध्ये कॉइलच्या टॉवरवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल धरते. ओलसर धुळीवरून ठिणगी सरकते आणि प्लास्टिकवर काळी बारीक रेघ जाळत जाते. एकदा ही रेघ पडली की पुसून जात नाही, कारण तो कोळसा झालेला असतो आणि त्यातून करंट वाहतो. अंधारात ठिणगीची परीक्षा केली तर टॉवरवरून खाली उतरणारी निळी सळसळ नुसत्या डोळ्यांनी दिसते. तसं काही नसेल आणि नुसतीच ओल असेल तर कोरड्या फडक्यानं पुसून गाडी सुरू होते, सुट्या भागाची गरज पडत नाही.

हे झालं पॉइंटच्या गाड्यांचं. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत डिस्ट्रिब्युटर गेला; बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसली आणि पॉइंटचं काम कॉम्प्युटरच्या हातात गेलं. त्या गाड्यांवर वरची वायर टेकवायची युक्ती करायची नाही. तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये तोडजोड करणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट बहुधा आतच असतं. त्याच्या सिग्नलच्या पिनेला थेट १२ व्होल्ट लागले की ते जळतं. मीटरनंही त्यातली प्रायमरी मोजता येत नाही, कारण मध्ये ते सर्किट आहे. दोन पिनांची असेल तरच मोजता येते, आणि तिथं प्रायमरी बहुधा एक ओमच्याही आत असते.

पण अशा गाडीवर मालकानं घरी करण्यासारखा एक विचार आहे. चार सिलिंडरच्या गाडीतली एक कॉइल गेली तर गाडी थरथरते, ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो, पण सुरू होते. गाडी सुरूच होत नसेल तर चारही कॉइली एकाच सकाळी मेल्या असं मानायला मन तयार होता कामा नये. चौघींना मिळून जे लागतं ते बघायचं: फ्यूज, रिले, कॉइलींचं अर्थिंग, किल्लीतली चिप ओळखणारा इमोबिलायझर, आणि इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा क्रँक सेन्सर. किल्ली लावून कॉइलच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि अर्थ मिळतो का, एवढं बल्बनं तपासता येतं. सिग्नलच्या पिनेला मात्र बल्ब लावायचा नाही. तिथं एलईडीचा टेस्टर किंवा स्कॅनरच हवा, कारण बल्बचा करंट कॉम्प्युटरला झेपत नाही. आणि सेल्फ फिरत नसेल तर तिथं सिग्नल नाही म्हणून घाबरायचंही नाही. क्रँक फिरल्याशिवाय कॉम्प्युटर ठिणगीचा हुकूम सोडतच नाही. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांच्या कॉइली लवकर थकतात हे खरं आहे, कारण त्या वायूत ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. त्यात प्लगची फट झिजून वाढलेली असली तर कॉइलवरचा ताण आणखी वाढतो. म्हणून सीएनजीवाल्यांनी कॉइलच्या आधी प्लग वेळेवर बदलावेत. प्लग स्वस्त आहे.

एवढं करून कॉइल खरोखरच गेलेली निघाली, तर दुकानात जाताना जुनी कॉइल आणि मीटर दोन्ही बरोबर न्यावं. डबा तसाच दिसतो म्हणून दीड ओमची कॉइल तीन ओमच्या जागी बसवली आणि गाडीत बॅलास्ट नसेल, तर करंट दुप्पट होतो, पॉइंट काही दिवसांत जळतात आणि नवी कॉइलही तापून जाते. इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी बहुतेक दुकानांत असते, म्हणून पैसे देण्याआधी काउंटरवरच प्रायमरी आणि सेकंडरी मोजून घ्यावी. उद्यमनगरातले दुकानदार याला हरकत घेत नाहीत. दोघा-तिघांनी तर आता स्वतःचा मीटर गल्ल्याशेजारी ठेवला आहे.